कललेलं भांडं

आज सकाळी गॅलरीत एक बुलबुल बाजारातलं सुबक भांडं सोडून मी केलेल्या वाकड्या भांड्यातलं पाणी पीत होता. निवृत्तीनंतर मी मातीकाम शिकायला लागलो, पण चाकावरून माझं सगळं कललेलंच उतरतं. हे भांडं मोठ्या हौसेने घरी आणलं, तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं होतं, "अहो, हे बसलंय की निजलंय?" आणि त्याची रवानगी थेट गॅलरीत झाली होती.

नोकरीत काही वाकडं झालं की माझी झोप उडायची. छंदात मात्र वाकडं झालं तरी मी हसत पुन्हा मातीत हात घालतो.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. "खचलेल्या काठावरून त्याची चोच पाण्याला पोचते, बघा," ती हळूच म्हणाली. "पुढचंही असंच करा."

इतकी सोपी फर्माईश मला आयुष्यात कुणी केली नव्हती.