चादरीवर मांडलेलं इंजिन

दत्तूभावजी गेल्याचं सांगायला सीमा आली, तेव्हा मी मटार सोलत बसले होते. सीमा म्हणजे त्यांच्या नई सडकेवरच्या वर्कशॉपातली सगळ्यात जुनी शिष्या, आता इतरांना शिकवते. दारातच उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे. "आजी, उस्ताद नहीं रहे." मी म्हटलं, आत ये. तर म्हणते, "हात गंदे आहेत." इंजिन उघडंच टाकून ती धावत आली होती... महिना होऊन गेला त्याला.

ज्याला आपण लग्नाला नकार दिला, त्याच्यावर लेख लिहायचा म्हणजे जरा गंमतच. पण ही हकीकत ठाऊक असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा लिहिते. आमची दोन्ही घराणी फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आलेली. मी सतरा वर्षांची आणि स्वतःला राणीसाहेबांची धाकटी बहीण समजणारी. दत्तूभावजी दरबारच्या मोटारखान्यात कामाला. मला बघायला आले, तर पोह्यांची बशी धरलेल्या बोटांची नखं काळी! मी आत जाऊन आईला म्हटलं, "ह्या हातांनी मंगळसूत्र घालून घेऊ मी?" "अगं हळू, ऐकू जाईल." "जाऊ दे." गेलंच असणार. दोन खोल्यांच्या मधे भिंत नव्हती, पडदा होता.

पुढे मी अक्षर पाहून नवरा केला. एका सरदारांच्या दफ्तरात मोडी लिहिणारा, बोरू असा चालवायचा की मोत्यांची सर ओवावी. मोटारी काय, आज आहेत उद्या नाहीत, दफ्तर मात्र कायमचं, असं मी मैत्रिणींना पटवत फिरायची. काय ती अक्कल! रियासत विलीन झाली, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, मागोमाग जहागिऱ्या गेल्या आणि माझं कायमचं दफ्तर एका दुपारी रुमालांत गुंडाळून कुठल्याशा सरकारी कोठीत जाऊन पडलं. नव्या कचेरीत सगळं हिंदीतून, टाइप केलेलं. मोडीला कोण विचारतो?

मोटारखानाही मोडला होता. जाताना कुणी शिफारसपत्र मागितलं, कुणी शाल. दत्तूभावजींनी एक बंद पडलेलं इंजिन मागून घेतलं. लोक हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. नई सडकेवर त्यांनी जागा घेतली आणि तिचा पुढचा, उजेडाचा अर्धा भाग त्या इंजिनाला दिला. गिऱ्हाइकांच्या गाड्या मागे अंधारात. इंजिन कुठल्याही गाडीत बसवायचं नव्हतं, पोरांनी उघडायचं आणि जोडायचं, इतकंच. इंदूरचा एक बसमालक राहायच्या जागेसकट नोकरी देत होता. दत्तूभावजी म्हणाले, "मी गेलो तर तिकडे एक मिस्त्री वाढेल. इथे राहिलो तर दर वर्षी चार वाढतील."

इकडे आमचे हे आठ महिने घरी. रोज सकाळी आंघोळ करून बोरू तासायचे आणि लिहायला काही नाही म्हणून ठेवून द्यायचे. पदरात दोन मुलं. पुढे पुढे गल्लीतून जाणंही त्यांनी सोडलं, कुणी 'सध्या काय करता?' विचारील म्हणून. आपल्यासारख्याचं जगात काही काम उरलं नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते पाहवेना, तेव्हा एक दिवस मी डोक्यावर पदर घेऊन वर्कशॉपात गेले.

"या वहिनी. स्टूल आहे, पण तेलकट."

मी उभीच. "ह्यांना शिकवाल?"

"वय काय?"

"सत्तावीस."

"मग पोरगाच आहे. पण हात काळे होतील. नखंसुद्धा. घरी चालेल का, विचारून या."

"मी घरूनच आलेय," मी म्हटलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्यांची शिकवायची रीत अशी. धुतलेली पांढरी चादर अंथरायची, इंजिनाचा एकेक भाग काढून ओळीने मांडायचा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची. ह्यांनी चिठ्ठ्या सवयीने मोडीत लिहिल्या! आणि दुसऱ्या दिवशी तापाने अंथरूण धरलं. बाकीची पोरं भिंड-मुरैनाकडची, हिंदी बोलणारी, त्यांना त्या मुंग्यांच्या रांगा काय कळणार? मग काय, हातठेल्यावर चादर, चादरीवर इंजिन, पुढे "हळू, हळू" करत दत्तूभावजी, अशी ती वरात पाटणकर बाजारातून आमच्या खासगी बाजारातल्या दाराशी आली. गल्ली गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "क्या हुआ मिस्त्रीजी?" "काही नाही. ह्यांच्यावाचून काम अडलंय," दत्तूभावजी चांगलं मोठ्याने म्हणाले.

मग नळावर जाऊन त्यांनी आपली नखं घासघासून धुतली, आणि तेव्हाच उंबरा ओलांडला. हे पांघरूण घेऊन ठेल्यापाशी बसले. दोन-चार चिठ्ठ्या वाचल्या आणि पुढचे भाग चिठ्ठी न बघताच सांगत सुटले. ताप एकशे दोन, पण चेहरा आठ महिन्यांत तसा दिसला नव्हता. पुढे तीस वर्षं दोघांनी मिळून शिकवलं. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या हलल्या, तेव्हा मागे राहिलेल्या कारकुनांनी आपली मुलं त्याच चादरीपाशी आणून बसवली. सीमा आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. दत्तूभावजींनी तिला तेवढंच विचारलं, हात काळे होतील, चालेल?

एक गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली, हे जाऊन दोन वर्षं झाल्यावर. ते इंजिन दत्तूभावजी डोळे मिटून जोडू शकत होते. मग भर बाजारातून ठेला कशाला आणला? मी विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडचा चहा चांगला असतो."

गेल्या आठवड्यात वर्कशॉप पुन्हा उघडलं. मला मोठी म्हणून बोलावलं. नवी सहा पोरं, त्यांत दोन मुली, चादरीभोवती उकिडवी बसलेली. सीमाने भावजींच्या पेटीतून एक तंबाखूची डबी काढली. आत एक जुनी स्प्रिंग आणि दोऱ्याने बांधलेली, तेल पिऊन पिवळी झालेली चिठ्ठी. "आजी, ये क्या लिखा है?"

मोडी वाचता येणारी त्या घरात... म्हणजे वर्कशॉपात मी एकटीच. ह्यांनीच शिकवली होती, रिकाम्या आठ महिन्यांत. चष्मा पुसून, चिठ्ठी अंगठ्याने सपाट करून वाचलं. ह्यांचं अक्षर, मोत्यांची सर. 'ही कोठील, समजत नाही. दत्तूस विचारणे.'

मी वाचून दाखवलं. आता कुणाला विचारायचं?

सीमाने स्प्रिंग बोटांत फिरवली, उजेडात धरली, आणि चादरीवर व्हॉल्व्हच्या ओळीत तिच्या जागेवर ठेवून दिली. "चला, पुढचा भाग कोण काढतंय?"

घरी आले. जेवायला बसताना पाहिलं, तर माझ्या अंगठ्याचं नख काळं झालं होतं. सूनबाई म्हणाली, "आई, साबण देऊ?" म्हटलं, राहू दे.