काकांच्या ओसरीवर प्रस्थान

विमान मध्यरात्र उलटल्यावरचं होतं आणि मला घराबाहेर काढलं ते त्याच्या आदल्या पहाटे, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं तेव्हा. मधले एवढे तास मी काय करायचे, हा प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच पडला नव्हता.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. लग्न होऊन मी डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेले, त्यानंतर पहिल्यांदाच काष्टीला माहेरी आले होते. महिना-सव्वा महिना राहिले, खाल्लं-प्यायलं, वजन वाढवलं, आणि निघायची वेळ आली. एकदा बोलता बोलता मी म्हणून गेले की शुक्रवारी घरी जायचंय. त्यावर आईनं भाकरी थापता थापता विचारलं, मग आत्ता काय धर्मशाळेत बसलीस का? त्यानंतर मी इंग्लंडला जपून ‘तिकडं’ म्हणायला लागले.

तर शुक्रवार. तिकीट काढताना आमच्या डॉक्टरसाहेबांनी पंचांग बघितलं नव्हतं. आईनं मात्र जोशीबुवांना विचारलं, आणि निघालं असं की शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. म्हणजे त्या दिवशी त्या दिशेनं घर सोडायचं नाही. मुंबई पश्चिमेला, इंग्लंड त्याच्याही पश्चिमेला. पण आपल्या शास्त्रात प्रत्येक अडचणीला पळवाट असते, तशी यालाही होती. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. शुक्रवारी सूर्य उगवायच्या आत घर सोडलं तर तो गुरुवारच. एकदा घर सोडून पश्चिमेच्या बाजूला कुणाच्या तरी घरी प्रस्थान ठेवलं, म्हणजे प्रवासाला निघाल्यासारखं केलं, की पुढं जीप दुपारी येवो नाहीतर संध्याकाळी, काही बिघडत नाही. फक्त मधे आपल्या घरात परत पाऊल टाकायचं नाही.

आता आमच्या घराच्या पश्चिमेला एकच घर होतं. मधे बैलगाडीचा रस्ता आणि पलीकडं काकांचं घर. काका म्हणजे दादांचे, माझ्या वडिलांचे, सख्खे धाकटे भाऊ. आणि हे दोघं भाऊ गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण बांधावरच्या एका बाभळीवरून झालं होतं. बाभूळ कुणाच्या वाट्याची, यावर दोघांनी आवाज चढवले, एकमेकांच्या घरची पायरी चढणार नाही असं दोघंही म्हणाले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात वावटळीत बाभूळ आपली आपण उन्मळून पडली. तिचं सरपण दोन्ही चुलींत जळलं. भांडण मात्र शाबूत राहिलं. आई आणि काकूनं ते कधीच मनावर घेतलं नव्हतं. विरजण, पीठ, लोणच्याचा खार, सगळं परसदारानं इकडून तिकडं चालू होतं. दोघा नवऱ्यांच्या ताटात एकाच विरजणाचं दही पडत होतं आणि दोघं ते गुमान खात होते.

तर त्या पहाटे आईनं माझ्या हातावर दही घातलं, भावानं माझी ट्रंक उचलली आणि वरात रस्ता ओलांडून काकांच्या ओसरीवर गेली. काकूनं सतरंजी अंथरून ठेवलीच होती. चुलीवर चहा उकळत होता. एवढी तयारी बघून मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण माझे डोळे झोपेनं मिटत होते. काका नवी टोपी घालून, हातावर तंबाखू धरून, खांबाला टेकून बसले होते. ये, म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

उजाडलं, भाऊ जीप आणायला गेला. ती एका ओळखीच्या माणसाची होती आणि त्याच्या सोयीनं दुपारपर्यंत मिळणार होती. मी ट्रंकेवर बसले. समोर, रस्त्याच्या पलीकडं, आमच्या ओसरीवर दादा बसले होते.

एरवी दादा उठले की चहा घेऊन शेतात जायचे. त्या दिवशी गेले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्याकडं पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, म्हणजे हातातला पेपर आदल्या दिवशीचा तरी होता. तो त्यांनी इतक्या मन लावून वाचला की जाहिरातीसुद्धा सोडल्या नसाव्यात. मधूनच पेपराच्या वर डोळे यायचे, माझ्याशी नजर भिडली की पुन्हा खाली जायचे. मग तिथूनच हाक मारून विचारायचे, पासपोर्ट घेतला का. मी इथून ओरडून सांगायचे, घेतला. थोड्या वेळानं, स्वेटर वर ठेवलाय का. ठेवला. माझ्या सामानात काय काय आहे ते सकाळी सकाळी सगळ्या आळीला पाठ झालं. पाण्याला निघालेल्या बाया घागरी कमरेवर घेऊन थांबायच्या, एकदा इकडं बघायच्या, एकदा तिकडं, आणि तोंडाला पदर लावून पुढं जायच्या.

पहिला तासभर मलाही गंमत वाटली. स्वतःच्या घराकडं पाहुण्यासारखं बघायला मिळतं कुठं? पत्र्याला एक भोक पडलंय, कोनाड्याचा रंग उडालाय, हे मला इथूनच दिसलं. पण ऊन वर आलं तशी गंमत ओसरायला लागली. दादांची साठी उलटली होती. तिकडून पुन्हा यायचं म्हणजे वर्षानुवर्षं बेत करायचे, आणि पुढची खेप कधी हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जे काय थोडे तास हातात होते ते बाप आणि लेक समोरासमोरच्या दोन ओसऱ्यांवर बसून घालवत होते. मला घरी जाता येत नव्हतं, दादा इकडं येत नव्हते.

आई काहीतरी द्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं की पाचच मिनिटं जाऊन येते, त्यांच्याजवळ बसते आणि येते. तिनं साफ नाही म्हणून सांगितलं. प्रस्थान मोडलं की संपलं, विमान काय आकाशात जातं, तिथं धरायला काय असतं?

"मग मी त्यांना न भेटताच जाऊ?"

"त्यांना पाय हायेत की," आई म्हणाली, आणि मोकळी परात घेऊन रस्ता ओलांडून गेली.

जेवणाची वेळ झाली. आईनं आमच्याच चुलीवर पुरणपोळी केली आणि पदार्थ एकेक करून सगळा स्वयंपाक काकूच्या घरी हलवला. दादा ओसरीवरून समोरून जाणारी कटाची आमटी बघत होते, तूप बघत होते, पोळ्यांची चळत बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, माझं ताट? आईनं जाता जाताच सांगितलं की तिकडंच वाढलंय, लेकीच्या पंगतीला. पुरणपोळीसमोर दादा फार काळ टिकल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. पण त्या दिवशी ते उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. आता उपाशी झोपतील, जीप येईल आणि मी जाईन.

ते बाहेर आले ते डोक्यावर बाज घेऊन. ती त्यांनी रस्त्यावर आणली, लिंबाच्या सावलीत टाकली, पाय हलतात का बघितलं आणि वर बसले. बाजेनं रस्ता बरोब्बर मधोमध अडवला होता.

"रस्ता सरकारचा हाय," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "इथं बसाया कुनाची परवानगी लागत न्हाई."

मी आईकडं बघितलं. रस्ता म्हणजे काही आपलं घर नव्हे, असा तिनं निकाल दिला, आणि मी धावतच ओसरी उतरले. दादांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता माझ्या शालीचं टोक नीट केलं. मला एवढं बरं वाटलं की बोलायचं ठरवलेलं सगळं विसरून गेले.

तेवढ्यात काका दोन्ही हातांत ताटं घेऊन आले. एक माझ्यापुढं ठेवलं, एक दादांपुढं, आणि आपलं ताट आणून बाजेच्या पायथ्याशी टेकले. दादा मला म्हणाले की त्याला सांग, मला भूक न्हाई. काका मला म्हणाले की त्येला सांग, ताट बाजंवर हाय, माझ्या घरात न्हाई. मी दोघांना दोघांचे निरोप पोचवले. दादांनी क्षणभर विचार केला आणि पोळीवर तूप ओढून घेतलं.

पुढची दुपार अशीच गेली. माझ्या डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं निरोप जात होते. त्याला विचार, विहिरीला पाणी किती हाय. त्येला सांग, दोन परस खोल. त्याला सांग, मोटरचा पट्टा बदलायला झालाय. त्येला सांग, मला काय आंधळा समजतोस का. तिकडं जनावरं काय खातात, हे दोघांनाही माझ्याकडून हवं होतं, आणि गवत असं सांगितल्यावर दोघंही निराश झाले. बाजारला निघालेली एक बैलगाडी आली, बाजेपाशी थांबली, गाडीवानानं तिघांकडं बघितलं आणि काही न विचारता बैल रस्त्याखाली घालून बाजूनं नेले.

मग काकांनी सुपारी कातरता कातरता सहज मला सांगितलं, की खरं तर माणूस हलवायची गरजच नव्हती. प्रस्थानाला फडक्यात मूठभर तांदूळ नि सुपारी बांधून ठेवली तरी चालतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात असंच केलं होतं.

मी दादांकडं बघितलं.

"त्याला सांग," दादा म्हणाले, "मला म्हाईत हाय ते."

म्हणजे आईला ठाऊक होतं, काकूला ठाऊक होतं, काकांना होतं, दादांनाही होतं. इंग्लंड बघून आलेली एकटी मीच ते खरं मानून दिवसभर ट्रंकेवर बसले होते. दारात आई आणि काकू शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि दोघी गाईच्या डोळ्यांनी कुठंतरी लांब बघत होत्या.

जीप आली ती ऊन कलल्यावर. बाज सरकवावी लागली, ती दोघा भावांनी दोन टोकांना धरून सरकवली, न बोलता. भावानं ट्रंक चढवली. मी आईच्या, काकूच्या, काकांच्या पाया पडले. दादांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जा आता म्हणाले, आणि जाऊन बाजेवर बसले ते जीपकडं पाठ करून, आमच्या घराकडं तोंड करून. लेक निघताना आमच्याकडचे पुरुष असेच बसतात. काका त्यांच्याशेजारी टेकले, पण त्यांचं तोंड माझ्याकडं होतं.

दिवसभर मी आवरून धरलं होतं. ती पाठ बघितली आणि मला आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी हुंदके खांद्यातून बाहेर पडत होते. ड्रायव्हरनं पुढं जाऊन हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. क्षणभर सगळं शांत झालं.

दादांनी मान वळवली नाही. त्याला विचार, असं कुणाला म्हणायला आता मधे कुणी बसलेलं नव्हतं.

"रडती का रं ती?"

काका माझ्याकडं बघत होते. माझं तोंड त्यांना लख्ख दिसत होतं.

"न्हाई, दादा," ते म्हणाले. "हसती हाय."