साय, निळी आणि हँडब्रेकची केबल

नवी गाडी घेतली की तिच्याबरोबर वॉरंटी येते. जुनी घेतली की किस्से येतात! आणि जुन्या गाडीतही ते सगळ्यात जास्त साठतात हँडब्रेकपाशी. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. थांबलेल्या गाडीबद्दल काय सांगणार? हँडब्रेक बिघडला की मात्र गाडी आपल्या मर्जीने वागायला लागते.

आमचा कंपू छोटासा. बेंगळुरूत, इंदिरानगरच्या एका उताराच्या गल्लीत अण्णांचं घर. अण्णा मूळचे बेळगावचे, जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, आता निवृत्त. त्यांची गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची, सायीच्या रंगाची, म्हणून नाव साय. मंदार पुण्याचा, आयटीतला. त्याच्याकडे तेवढीच जुनी एक निळी. अक्का म्हणजे अण्णांच्या मिसेस, कॉफी आणि शेरे पुरवणार. आणि मी ऋचा, नागपूरची, वरच्या खोलीची भाडेकरू. एका रविवारी "अहो, ही ठोकाठोकी जरा कमी करा ना," असं सांगायला खाली आले, तर अण्णांनी हातात टॉर्च दिला. तो अजून माझ्याच हातात आहे.

आमचा मुख्य उद्योग एकच. दोन सीटच्या मधला दांडा ओढला की गाडीखालची एक तार, म्हणजे केबल, ताणली जाते आणि मागची दोन चाकं धरून ठेवते. ती केबल वापरून वापरून सैल पडते. मग गाडीखाली आडवं व्हायचं आणि एक नट फिरवून ती पुन्हा ताणायची. एवढंच! या एवढ्यावर आमचे किती रविवार गेले, विचारू नका.

*

फेब्रुवारी होता. गल्लीतल्या झाडांना एकही पान नव्हतं, नुसती गुलाबी फुलं. अक्का सायच्या मागच्या सीटवर बसून अवरेकाय, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत होत्या. उन्हाची तिरीप, मांडीवर परात, मधूनच गळणारी फुलं. त्यांचा कधी डोळा लागला कळलंच नाही.

इकडे अण्णांनी नट पूर्ण सैल केला आणि गाडीखालून बाहेर येऊन कॉफी प्यायला कट्ट्यावर बसले. चाकाला दगड लावायचं काम मंदारचं. मंदारला वाटलं, ते काम अण्णांचं!

साय निघाली. इतकी हळू, की आधी आम्हाला वाटलं घरच मागे सरकतंय. मंदार धावला आणि बॉनेटवर हात ठेवून, गाय हिंडायला न्यावी तसा तिच्या बाजूने चालायला लागला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला! टपावरून फुलं ओघळतायत, काचेआड अक्का शांत झोपल्यायत, आणि गाडी उताराने आपली चाललीय. कोपऱ्यावर कुणाच्या तरी बांधकामाचा वाळूचा ढीग होता. त्यात साय अलगद टेकली.

अक्कांनी डोळे उघडले. परात सावरली. काच खाली करून विचारलं, "आलं काय हो बेळगाव?"

अण्णा धापा टाकत म्हणाले, "नाही गं, गाडी अजून स्टँडावरच आहे. झोप की तू!"

*

सायची केबल शेवटी तुटायलाच आली, तेव्हा नवी आणायला आम्ही जुन्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकान कसलं, गुहाच! छतापासून जमिनीपर्यंत केबली लोंबत होत्या, वडाच्या पारंब्यांसारख्या. बाहेर रणरणतं ऊन आणि आत ग्रीसचा थंडगार वास. मी तर जरा वेळ कशाला आलोय तेच विसरून गेले.

मालक म्हातारे. त्यांनी पारंब्या बाजूला करत करत आत जाऊन एक केबल काढली, फुंकर मारली आणि अण्णांपुढे धरली.

"याच गाडीची ना?" अण्णांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नाही सर. हिच्या अक्काची," मालक म्हणाले. अक्का म्हणजे मोठी बहीण; त्याच कंपनीच्या, हिच्याहून मोठ्या गाडीची.

अण्णांनी जुनी केबल शेजारी धरून पाहिली. नवी चांगली चार बोटं लांब! त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान तिरकी केली, हसले आणि अख्खं बेंगळुरू ज्यावर चालतं ते वाक्य बोलले, "स्वल्प अडजस्ट माडी, सर!"

जरा जमवून घ्या.

अण्णा इतके हसले की त्यांना स्टूल द्यावं लागलं. "अहो, अडजस्ट करायलाच तर न्यायला आलोय!"

*

गाडीखालचं जग वेगळंच असतं. तिथून माणसं दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. जाणाऱ्या-येणाऱ्या चपला, एखादं मांजर, मधूनच लोळत आलेलं फूल. आवाजही लांबून आल्यासारखे. अण्णा म्हणतात, "इथं बीपी आपोआप खाली येतंय बघ."

एका दुपारी बीपी जरा जास्तच खाली आलं. नट फिरवता फिरवता अण्णा मला सांगत होते, की केबल एकदम ताणायची नाही, औषधासारखी थोडी थोडी, अर्धा अर्धा आटा द्यायची. वाक्य अर्धंच राहिलं. मी टॉर्च त्यांच्या तोंडावर मारला तर पाना छातीवर आणि अण्णा गाढ!

मी हळूच बाहेर सरकून हात धुवायला गेले. तेवढ्यात पार्सल घेऊन एक डिलिव्हरीवाला आला. त्याला गाडीखालून आलेले दोन पाय दिसले. तो वाकून म्हणाला, "सर, ओटीपी?"

पाय गप्प.

"सर, ओटीपी बोलिए!"

गाडीखालून अण्णांचा झोपेतला, पण काउंटरवरचा खणखणीत आवाज आला, "अर्धा आटा. जेवणानंतर!"

तो बिचारा फोनमध्ये ते टाइप करायला लागला होता.

*

मंदार मात्र अशा घरगुती औषधांवर विश्वास ठेवणारा नाही. तो व्हिडिओ बघून काम करतो. निळीची केबल त्याने एका शनिवारी एकट्याने ताणली आणि ग्रुपवर मेसेज टाकला, "आता हिमालयात लावली तरी हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं होसकोट्याला निघालो, बिर्याणी खायला. तिथे उजाडायच्या आधी रांगा लागतात. रस्त्यावर पांढरं धुकं. समोरचे ट्रक नुसते दोन लाल ठिपके होऊन तरंगत होते. निळी जरा जड चालत होती, पण त्या धुक्यात सगळंच जड आणि संथ वाटत होतं. खिडक्या उघड्या.

मग वास आला. काहीतरी भाजल्यासारखा.

मंदारने डोळे मिटून श्वास घेतला. "चुलीचा धूर! आलो बघ जवळ."

पुढे वास वाढतच गेला आणि आमची भूकही वाढतच गेली! होसकोट्यात पोचून रांगेजवळ गाडी लावली तर लोक बिर्याणीचं पातेलं सोडून आमच्याकडे बघायला लागले. मागे वळलो. निळीच्या मागच्या दोन्ही चाकांतून संथ, निळसर धूर निघत होता. केबल इतकी ताणलेली, की दांडा खाली असूनही ब्रेक लागलेलाच होता. अख्खा रस्ता!

रांगेतला एक जण पुढे आला, चाकाकडे वाकून पाहिलं आणि फार आदराने म्हणाला, "सर, आपका दम तो गाडी में ही लग गया!"

*

त्यानंतर निळीची केबल अण्णांनी लावली. आणि तिची परीक्षा झाली ऐन एप्रिलमध्ये.

उन्हाळ्यात गल्लीत पाणी म्हणजे टँकर. टँकर सकाळी आला आणि बघतो तर गेटसमोर, ऐन उतारावर, निळी उभी. मंदार किल्ली अण्णांकडे ठेवून फिरायला गेलेला. शेजारच्या बिल्डिंगचे वॉचमन आले, दूधवाला आला, टँकरवाला उतरला. सगळ्यांनी मिळून निळी ढकलायला घेतली. उताराच्या दिशेने, तरी हलेना!

अण्णा बाल्कनीत उभे. किल्ली हातात. खाली यायचं सोडून कठड्यावर वाकले, चेहऱ्यावर पहिलं नातवंड बघितल्यासारखा आनंद. "ढकला! अजून जोर लावा! बघू किती धरतोय!"

टँकरवाला घाम पुसत ओरडला, "सर, ब्रेक बिडी! ब्रेक सोडा!"

"थांबा की स्वल्प!" अण्णा म्हणाले. "अजून एकदा, सगळे मिळून!"

अक्का मागून आल्या आणि त्यांनी अण्णांच्या हातातून किल्ली काढून घेतली. "अहो, ब्रेक लागलाय ते कळलं सगळ्या गल्लीला. आता नळाला पाणी लागू दे!"

*

आणि हे देवनहळ्ळीचं.

अण्णांना एका ओळखीच्यांनी इंदूताईंचा नंबर दिला. इंदूताई निपाणीकडच्या. त्यांच्या यजमानांनी विमानतळाजवळ देवनहळ्ळीला थोडी जमीन घेऊन पपनसाची झाडं लावली होती, तिथेच घर बांधून दोघं राहत होते. आता आजूबाजूला सगळे प्लॉट पडलेले, त्यांनीही जमीन विकलेली. मुलीकडे राहायला जायचं होतं. शेडमध्ये यजमानांची जुनी गाडी होती आणि सोमवारी शेड पाडायला जेसीबी येणार होता. गाडी जागची हलत नव्हती.

आम्ही रविवारी सकाळी पोचलो. पपनसाच्या फुलांचा दाट, गोड वास. डोक्यावरून विमानं इतकी खाली जात होती की त्यांच्या सावल्या अंगणातून सरकताना दिसायच्या. शेडमध्ये गाडी, वर पाचोळ्याचा थर. आत हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला.

इंदूताई म्हणाल्या, "बँकेतून आले, गाडी लावली, जरा पडतो म्हणाले. उठलेच नाहीत. तेव्हापासून मी कुणाला हात लावू दिला नाही."

किती वर्षं झाली, ते आम्ही विचारलं नाही. चाकांकडे बघून कळत होतं. केबल गंजून आपल्या नळीतच धरली होती, ब्रेक ड्रमला चिकटले होते.

मंदारने पिशवीतून कटर काढला. "अण्णा, केबल कापू. पाच मिनिटांत मोकळी होईल."

इंदूताई दारात उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तोडू नका रे. सुटत असेल तर सोडवा."

मंदारने कटर पिशवीत ठेवला. पुन्हा काढला नाही.

मग दिवसभर तेच. मागची चाकं उचलून घेतली. ड्रमवर हलके ठोके, तेल, थांबणं. केबल पकडीत धरून थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा तेल. इंदूताईंनी पिठलं-भाकरी केली. जेवून आम्ही पपनसाखाली आडवे झालो, विमानं मोजायचा प्रयत्न केला आणि मोजता मोजता झोपलो. उठून पुन्हा गाडीखाली. ऊन कलायला लागलं तेव्हा आतून कट्ट असा आवाज झाला आणि केबल नळीत सरकली.

अण्णांनी खालचा नट सैल केला. चाक फिरलं! मी आणि मंदार ओरडलोच. पण अण्णांनी नट पुन्हा आवळायला घेतला.

"अण्णा, काय करताय? सुटलंय ना!"

"व्हय. पण ब्रेक त्यांनी लावलाय," अण्णा गाडीखालून म्हणाले. "आपण खालनं सोडायचा नाही. वरनं सुटला पाहिजे."

त्यांनी चाक हाताने फिरवत, अर्धा अर्धा आटा देत केबल जुळवली. दांड्याला कुणीच हात लावला नव्हता. चाकं पुन्हा नीट धरली गेली. मग टायरांत हवा भरून गाडी जमिनीवर उतरवली, पुढचा पाचोळा झाडला, आणि अण्णा हात पुसत इंदूताईंकडे गेले. "ताई, आता तुम्ही या."

शेडची फरशी अंगणाकडे किंचित उतरती होती. मंदार पुढे दगड घेऊन उभा राहिला. इंदूताईंनी दार उघडलं. आत बसल्या नाहीत. बाहेरूनच वाकल्या आणि दांड्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. वरून एक विमान गेलं, त्याचा आवाज पार विरला, तरी तसाच.

मग त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं आणि दांडा खाली केला.

आधी काहीच झालं नाही. मग गाडी हलली. इंदूताई मागे सरकल्या, दार हलकेच लावून घेतलं. गाडी त्यांच्या शेजारून, कुणी नसताना, पाचोळा सांडत, शेडच्या सावलीतून उन्हात गेली. मंदार दगड हातात धरून तिच्यापुढे उलट पावली चालत होता. दगड ठेवावा लागलाच नाही. अंगणाच्या मध्यावर, सपाटीला, ती आपणच येऊन थांबली.

इंदूताईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. हात थोडा वर उचलला, आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "सावकाश जा. आणि पोचलात की फोन करा."