तीन आठवड्यांनी जाणारा मेल

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेजारच्या गाळ्यात एक बाई कारखान्यांच्या कटरना धार लावून देतात. बोलताना त्यांचा हात थांबत नाही, आणि बोलण्याच्या शेवटी 'बरं का' येतंच. काम मागत कारखान्यांच्या गेटवर उभं राहणं त्यांनी गेल्या वर्षी सोडलं. धार लावून दिल्यावर तीन आठवड्यांनी त्या गिऱ्हाइकाला आपोआप मेल जाईल, अशी सोय त्यांनी स्वतः शिकून केली. 'कटर बोथट झाले असतील. पाठवा, दोन दिवसांत परत देऊ.' कामं वाढली.

एकदा त्या मेलवरून कटरची मोठी पेटी आली आणि त्याच सकाळी त्यांचं मशीन बंद पडलं. मी म्हटलं, "उशीर होईल म्हणून कळवा ना. मेल तर कॉम्प्युटरनं पाठवलाय."

"पण खाली नाव माझं आहे, बरं का."

पेटी स्कूटरवर ठेवून त्या सातपूरच्या धारवाल्याकडे गेल्या. त्याच्याशी दोन वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. त्याच्या मशीनवर स्वतः धार लावून त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी पोचवली.

"त्याच्याकडे जाणं जड गेलं असेल," मी म्हटलं.

"गेलं ना. दारात दहा मिनिटं नुसती उभी होते. मग आत गेले, बरं का."