सासऱ्यांचं एकच निदान

जगातल्या प्रत्येक माणसाला मूळव्याध असते. ज्यांना ते अजून कळलेलं नाही, त्यांची फक्त माझ्या सासऱ्यांशी गाठ पडलेली नसते. सासरे घाटंजीचे, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. उभा जन्म तापलेल्या इंजिनाशेजारी बसून काढल्यामुळे बसण्याच्या शास्त्रात आपल्याइतका अधिकार कुणाला नाही, अशी त्यांची ठाम समजूत. माणूस काय बोलतो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तो टेकतो कसा, एवढंच ते पाहतात. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा नोकरी, शेती, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी खुर्चीत जरा सावरून बसलो, तर भर बैठकीत म्हणाले, "पाहुणे, सकाळी साफ होते ना?" आणि माझ्या पोह्यांतल्या मिरच्या वेचायला लागले.

तरी मी लग्न केलं. पुढे उमरखेडला मेव्हण्याच्या साखरपुड्यात मुलीचे वडील एका अंगावर कलून बसलेले यांना दिसले. झालं! "व्याही, लई दुखून राह्यलं काय?" अख्खी पंगत घास हातात धरून थांबली. बिचाऱ्यांच्या मागच्या खिशात मोबाइल होता हो! पण हे ऐकतील तर शपथ. व्याह्यांच्या पानातला ठेचा उचलून यांनी आपल्या पानात घेतला आणि वाढप्यावर ओरडले, "ताक आण बे इकडं!"

उपचार तर तोंडपाठ. सुरण, ताक, इसबगोल, टपात कोमट पाणी घालून बैठक. लोक नातवंडांना खाऊ आणतात, हे सुरणाचा गड्डा आणतात. शेजारच्या बाईंना त्यांनी फाटकातूनच टपात बसायचा सल्ला दिला, तेव्हापासून त्या आमच्याशी बोलत नाहीत. फिशर वेगळं, भगंदर वेगळं, असं मी एकदा वाचून दाखवलं. तर म्हणे, "नावं ठेवली डॉक्टरायनं. गाडी एकच, पाट्या अलग." काय डोकं फोडायचं या माणसापुढे?

मागच्या महिन्यात सासूबाईंचा रडवेला फोन आला. धुण्यात मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पायजम्याला रक्त दिसलं होतं, आणि पहिल्यांदा नव्हे. वजन उतरलं होतं. विचारलं की खेकसायचे आणि मूळव्याधीवरचा उपाय म्हणून गुपचूप लोण्यात नागकेशर कालवून खायचे. माझं टाळकंच सरकलं. गावभर लोकांच्या बुडाच्या चौकशा करणारा माणूस स्वतःचं मात्र झाकून ठेवतो! सासूबाईंना फोन त्यांच्या हाती द्यायला लावून मी तोंड सोडलं.

"कायले कल्ला करून राह्यले?" मामाजी म्हणाले. "मले मालूम आहे काय आहे ते."

हट्टानं यवतमाळला दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई तरुण, हसतमुख. बोटानं तपासावं लागेल म्हटल्याबरोबर मामाजी दाराकडे निघाले. "मामाजी, मुकाट्यानं झोपा!" मी त्यांच्यावर समोरासमोर असा कधी ओरडलो नव्हतो. ते भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपले. तपासता तपासता बाईंचं हसू गेलं. मग दुर्बिणीनं पाहिलं, तुकडा काढला, तपासणीला पाठवला. "काका, ही मूळव्याध वाटत नाही. आत गाठ आहे. कसली ते रिपोर्ट आल्यावर सोमवारी सांगते," एवढंच बोलल्या.

मला वाटलं, आता बाहेर पडल्यावर डॉक्टरांवर तोंडसुख घेतील. ते गाडीत माझ्या शेजारी बसले आणि पट्टा लावला. माझ्या गाडी चालवण्यालाही नावं ठेवली नाहीत. घाटंजीच्या रस्त्याला लागल्यावर हळूच म्हणाले, "जवाई, तुमी वाचता-बिचता. तुमाले काय वाटते? मूळव्याधच असन ना?"

इतकी वर्षं या एका शब्दापायी मी त्यांच्याशी भांडलो, त्यांची टिंगल केली, चारचौघांत मान खाली घातली. त्यांचं निदान खरं निघावं असं मला इतकं कळकळून कधी वाटलं नव्हतं.

"हो मामाजी," मी म्हटलं. "मूळव्याधच आहे."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.