खुंटीवरचा बिल्ला

आमच्या वेल्समधल्या त्या खोऱ्यात आडनावं जेमतेम चार. डेव्हिस, जोन्स, इव्हान्स, विल्यम्स, संपलं. आडनावानं हाक मारली की निम्मा रस्ता मागे वळून बघायचा. म्हणून माणसाला त्याच्या धंद्यावरून नाहीतर खोडीवरून नाव पडायचं. पाव भाजणारा तो पाववाला डेव्हिस. एकेक वाक्य दोनदा बोलायचा तो दोनदा डेव्हिस. आणि खाणीत उतरणाऱ्यांना दिवे वाटायचा तो दिवेवाला एम्लिन. तोही डेव्हिसच. मीही डेव्हिस, नेरिस डेव्हिस, पण मला तेव्हा काही नाव पडलेलं नव्हतं. अठरा वर्षांच्या पोरीनं नाव पडण्यासारखं केलेलं असतं तरी काय?

एम्लिनकाकाशी माझी खरी गट्टी जमली ती अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, बेकारभत्त्याच्या रांगेत. माझी शाळा संपली होती. तिकडे समुद्राकाठी ॲबरिस्टविथच्या युनिव्हर्सिटीत जागा मिळाली होती, पण ती सुरू व्हायची ऑक्टोबरात, आणि शिष्यवृत्ती हातात पडायची तीही तिथे गेल्यावरच. तोवर काय हवा खायची? वडील छातीत कोळशाची धूळ साठून मी लहान असतानाच गेले होते. आई धुलाईच्या कारखान्यात राबायची. ट्रंक, जाड कोट, गाडीभाडं, सगळं त्या भत्त्यातून व्हायचं होतं. भत्ता हुकला तर ॲबरिस्टविथही हुकलं, इतका सरळ हिशेब. त्या काळी शाळा आणि युनिव्हर्सिटीच्या मधल्या उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं भत्ता घ्यायचो, त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. पुढे ती सोय बंद झाली. वर आजची शहाणी मंडळी आम्हालाच फुकटे म्हणतात. म्हणोत बापडी. त्या रांगेत एकदा उभं राहून दाखवा म्हणावं.

एक गुरुवार सोडून एक गुरुवारी सही करायला जायचं. ऑफिसात आडनावांप्रमाणे खिडक्या होत्या, आणि आमची डेव्हिसांची रांग पार बाहेर फुटपाथपर्यंत यायची. एम्लिनकाका तिथे आधीच हजर असायचा. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर आणि पायात आरशासारखे चकचकीत बूट. आदल्या वर्षी खाण बंद झाली होती, पण बूट कुठल्या खाणीकडे निघालेत असंच वाटायचं. कुणाला खोकायला, कुणाला सिगारेट ओढायला बाहेर जायचं असलं की तो एम्लिनकाकाला सांगून जायचा. परत आल्यावर काका त्याला त्याच्या जागी उभं करायचा. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

तो आमचा चर्चमधल्या रविवारच्या शाळेचाही मास्तर. खोऱ्यातल्या सगळ्या पोरांना त्यानं दर रविवारी एकेक वचन पाठ म्हणायला लावलेलं, आणि खोटं बोलायचं नाही हे तर इतकं घोटून घेतलेलं की आमची जीभच वळायची नाही. खिडकीमागे टाय लावून बसणारा गेरेंट, तोही त्याचाच विद्यार्थी.

पहिल्या गुरुवारी माझा नंबर आला. गेरेंटनं मान वर न करता विचारलं, "काम मिळालं तर करणार?"

"नाही," मी म्हणाले. "ऑक्टोबरात मी ॲबरिस्टविथला चाललेय."

मागून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"गेला हिचा भत्ता," दोनदा डेव्हिस म्हणाला. "गेला हिचा भत्ता."

"माझीच करणी," एम्लिनकाका कण्हला. "मीच शिकवलंय कार्टीला."

गेरेंटचे कान लाल झाले. काम करायला तयार नसेल त्याला भत्ता नाही, हा नियम. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "सर, आता मी काय करू? ऐकलं नाही म्हणावं, तर ऐकलंय."

सगळी रांग खो खो हसली. काका टोपी काढून पुढे आला. "तू आधी प्रश्न धड विचार रे. ऑक्टोबरचं कुणी विचारलंय तिला? आज काम मिळालं तर आज करशील का, असं विचार."

"आज?" मी म्हणाले. "आज करीन की! कुठलंही करीन. मला दिवसभर घरात बघून आई वैतागलीय."

"खरं बोलतेयस ना?" काकानं दटावून विचारलं.

"देवाशपथ."

"शपथा नकोत. सही कर आणि चालती हो."

सही झाली की आम्ही कोपऱ्यावरच्या इटालियनच्या कॅफेत जायचो. एकेक कप चहावर तासभर बसलो तरी तो बिचारा उठवायचा नाही. काका तिथे खाणीचं सांगायचा. खाली उतरणारा प्रत्येक जण खिडकीशी यायचा, नंबर कोरलेला आपला पितळी बिल्ला काकाच्या हातावर ठेवायचा आणि आपला दिवा घ्यायचा. दिव्याच्या जागी, खुंटीवर तो बिल्ला लटकायचा. संध्याकाळी दिवा परत दिला की बिल्ला परत. खुंटीवर एक जरी बिल्ला राहिला तरी माणूस अजून खाली आहे, आणि माणूस खाली आहे तोवर दिवेवाल्यानं घरी जायचं नाही.

"तुझा बाप सगळ्यात शेवटी यायचा," तो म्हणाला. "गप्पिष्ट! माझा चहा रोज गार व्हायचा त्याच्यापायी."

एकदा असाच चहा ढवळत तो म्हणाला, "भत्त्यावर पोट भरतं गं. त्याची तक्रार नाही. पण सकाळी उठून बूट पुसतो आणि मग सुचतच नाही कुठे जावं. रोज शेकडो माणसं यायची माझ्या खिडकीशी. आता मी वेळेवर उठलो काय, न उठलो काय, कुणाचं काय अडतंय?" बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, आणि हा माणूस रोज बूट पुसतोय. मी उगाचच बिस्किट चहात बुडवत राहिले.

ऑगस्टमध्ये टेकडीवरच्या खेळण्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायला माणूस हवा अशी बातमी आली. एम्लिनकाका दाढी करून, टाय लावून भत्त्याच्या ऑफिसात विचारायला गेला. तरुण माणूस हवाय, असं ऐकून परत आला. त्यानं थट्टेवारी नेलं, पण त्या दिवशी कॅफेत थांबला नाही.

आणि पुढच्या गुरुवारी गेरेंटनं त्याच जागेसाठी मला पाठवलं! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "नेरिस, वरून आलंय. तुला जावं लागेल. नाही गेलीस तर भत्ता बंद." मला मागे वळून बघवेना.

"जा की," काका मागून म्हणाला. "आणि केस विंचरून जा जरा. कावळ्यानं घरटं केल्यागत दिसतायत."

कारखान्याचा मॅनेजर थॉर्ली नावाचा इंग्रज होता. टेबलावर बाहुल्यांची डोकी मांडलेली, आणि त्यांच्यामागे हा.

"किती दिवस राहशील?"

"सप्टेंबर संपेपर्यंत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग आलीस कशाला?"

"आले नसते तर भत्ता गेला असता. पण आमच्या रांगेत एक माणूस आहे. खाणीतले दिवे सांभाळायचा. तुमच्या गोदामातलं बाहुलीचं एक बटण हरवणार नाही."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"तब्येत?"

इथे मात्र माझी जीभ टाळूला चिकटली. ठणठणीत, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द! पण माझ्या डोळ्यांसमोर रविवारची शाळा उभी राहिली आणि तिच्यात तोच, बोट वर करून. रडकुंडीला येऊन मी म्हणाले, "खोकतो. थंडीत जास्त."

"आणखी काही वाईट सांगायचं राहिलंय?"

"गातो. बेसूर नाही, पण मोठ्यानं."

थॉर्ली खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. "इथं येतो तो स्वतःची स्तुतीच करतो. खोकला सांगणारी तू पहिलीच. म्हणजे बटणाचंही खरं असणार. उद्या पाठव त्याला."

"आणि माझा भत्ता?"

"जागा भरली म्हणून कळवतो. भरलीच ना ती?"

मी टेकडीवरून धावतच खाली आले. काका आपल्या घराच्या दारात उभा होता. मी सांगितलं तसा तो आत गेला आणि ब्रश घेऊन बूट पुसायला लागला. खांदे हलत होते. मी बाहेरच थांबले.

पुढच्या सहीच्या गुरुवारी तो शेवटच्या वेळी रांगेत आला. सगळे म्हणाले पुढे जा. तो कसला जातोय! आपल्या जागीच उभा राहिला. गेरेंटनं नेहमीसारखं विचारलं, "गेल्या वेळेपासून काही काम केलंत?"

"केलं," एम्लिनकाका म्हणाला, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"बरं झालं," दोनदा डेव्हिस म्हणाला. एकदाच म्हणाला.

ऑक्टोबरात निघायच्या आदल्या दिवशी मी काकाचा निरोप घ्यायला गोदामात गेले. खिडकीमागे तो, मागे खोक्यांच्या रांगा, आणि भिंतीत नवीन ठोकलेली एक खुंटी. मी काही बोलायच्या आत त्यानं हात पुढे केला. "बिल्ला?"

"कसला बिल्ला?"

"बिल्ला दिल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. डेव्हिसची पोर ना तू? एवढंही ठाऊक नाही?"

मी घरी पळाले. आईच्या कपाटातल्या खणात वडिलांचा बिल्ला होता. आईनं तो काढून माझ्या हातात दिला. काकानं त्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि न बघता नंबर सांगितला. मग खुंटीवर अडकवला. "हा इथे आहे तोवर तू खाली आहेस. आलीस की मागून घ्यायचा. तोवर मी काही दिवा मालवत नाही."

नाताळात आले तेव्हा तो खिडकीतूनच ओरडला, "आलीस वर?" आणि बिल्ला माझ्या हातावर ठेवला. निघताना मी परत दिला. मग तो पायंडाच पडला. मी शिकले, कार्डिफमध्ये शिक्षिका झाले, लग्न केलं, पोरं झाली, पण खोऱ्यात पाऊल टाकलं की आधी बिल्ला घ्यायचा आणि निघताना द्यायचा. काका निवृत्त झाला तेव्हा खुंटी त्याच्या स्वयंपाकघरात आली. तोवर मलाही नाव पडलं होतं. बिल्लेवाली नेरिस. अजून तेच चालतं.

एका हिवाळ्यात पोरं आजारी, शाळेत परीक्षा, मला जायला जमलंच नाही. गेले ती त्याच्या अंत्ययात्रेला. सगळे चर्चमध्ये असताना मी त्याच्या घरात शिरले. खुंटीवर बिल्ला होता, नुकताच घासलेला. खुंटीच्या वर विजेचा दिवा दिवसाढवळ्या जळत होता.

शेजारची मेगन चर्चमधून उठून माझ्यामागून आत आली. "दवाखान्यात न्यायला आले ना, तेव्हा मी तो बंद करायला गेले," ती म्हणाली. "तर माझ्यावर खेकसला. म्हणे, हात लावू नकोस, एकजण अजून खाली आहे."

खुर्चीवर बसून मी पोटभर रडले. मग उठून बिल्ला स्वतःच काढून घेतला.

"आले हं काका वर," मी म्हणाले, आणि दिवा मालवला.