चोच आणि जाकीट

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे माकडमावशी म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला पक्षीकाका. मावशींकडे दुर्मीळ माकडं, काकांकडे समुद्रपक्षी. दोन्ही जाती जगातून नाहीशा व्हायच्या बेतात, त्यामुळे जेवायला बसलं की वाद ठरलेला.

"माझा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. नवरा-बायको पाळीपाळीनं उबवतात. शिका जरा माकडांनो!"

"माझी माकडीण पिल्लू महिनोन्महिने छातीशी धरते. तुमचे पक्षी पंख फुटले की पिल्लाला वाऱ्यावर सोडतात, अक्षरशः!"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

यंदा मात्र मावशींची बोलती बंद होती. माकडीण पहिल्यांदाच व्याली आणि पिल्लाकडे पाठ करून बसली. पिल्लू कसं धरायचं ते तिला दाखवायला मावशी केसाळ जाकीट घालून, पिल्लाला छातीला चिकटवून रोज तिच्यासमोर बसायच्या. ती ढुंकून बघेल तर शपथ! रविवारपर्यंत तिनं जवळ केलं नाही, तर पिल्लू बाटलीवर वाढवायला दुसऱ्या शहरात जाणार होतं. मावशींचा जीव तीळतीळ तुटत होता.

काकांकडेही एक अनाथ पिल्लू होतं. त्याला माणसांची सवय लागू नये म्हणून ते मोठ्या पक्ष्याच्या चोचीसारखा हातमोजा घालून मासे भरवत. जाकीट आणि हातमोजा दोन्ही मावशींनीच शिवलेले. ते न्यायच्या पिशव्याही एकाच कापडाच्या.

शनिवारी घाईघाईत पिशव्यांची अदलाबदल झाली. मावशींनी पिंजऱ्यात शिरून पिल्लू गवतावर ठेवलं, पिशवीत हात घातला आणि बाहेर निघाली हातभर लांब चोच.

ती पाहिली मात्र, माकडीण किंचाळत झेपावली, पिल्लू उचललं, उराशी कवटाळलं आणि थेट वरच्या फांदीवर! तिथून ती चोचीला दात विचकत राहिली. जरा वेळानं पिल्लू दूध चोखू लागलं. मावशी खाली आनंदानं ढसाढसा रडत होत्या.

तेवढ्यात काका जाकीट घेऊन धापा टाकत आले. "अगं, माझी चोच दे! पोर उपाशी आहे तिकडे!" मग त्यांनी वर पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "शेवटी कामाला कोण आलं? माझाच पक्षी ना?"

"आला हो, आला. तुमचाच पक्षी मोठा." मावशींनी डोळे पुसले आणि चोच त्यांच्या हातात दिली. "आणि ते जाकीटही न्या, तुमच्या पिल्लाखाली अंथरा. माझ्याला आई मिळाली."